मेळाव्याला चारशे आले, मग गेले कुठे?

पत्र, थोडक्यात

नाशिकमधल्या सत्तर वर्षांच्या एका अनुदानित मराठी शाळेतल्या शिक्षिकेचं हे पत्र. त्या याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. गेली एकोणतीस वर्षं तिथेच शिकवतात, दोन वर्षांनी निवृत्त होतील. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मोठा मेळावा झाला. फेटे, सत्कार, मिसळ, चारशे माणसं. त्याच दिवशी माजी विद्यार्थी संघाची घोषणा झाली आणि संघाचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी आठवणी आल्या, मग सुप्रभात, मग राजकारण, मग भांडणं. संस्थेच्या अध्यक्षांना सभागृह बांधायचं आहे. निधीसाठी ग्रुपवर दोनदा आवाहन झालं. ‘पैसे लागले की शाळेला आमची आठवण येते’ असं एकाने लिहिलं आणि शंभरावर लोक ग्रुप सोडून गेले. आता तीसेक जण बोलतात. पुण्या-मुंबईत आणि परदेशात असलेली १९९२ ची बॅच पंधरा लाख द्यायला तयार आहे, पण त्यांना वेगळा नोंदणीकृत ट्रस्ट हवा आणि सभागृहाला बॅचचं नाव हवं. इकडे शाळेचा पट घसरतो आहे. माजी विद्यार्थ्यांची मुलंसुद्धा शाळेत नाहीत, आणि बाईंनी मेळाव्याच्या भाषणात ते बोलून दाखवलं होतं. त्या विचारतात: संघाची नोंदणी करावी का? लोकांना धरून कसं ठेवायचं? की आता कुणाला शाळेचं काही पडलेलं नाही, असं समजून हे सोडून द्यावं?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या लांबलचक पत्रात एक वाक्य अगदी जाता जाता आलं आहे आणि मी तिथेच थांबले. तुम्ही लिहिता, ‘या संघाचं बघायला वेळ तरी कुठून काढू? मधल्या सुट्टीत ऑफिसात गेलं तर खिडकीशी दाखल्यासाठी चार माणसं उभीच असतात आणि क्लार्क भाऊसाहेब वैतागलेले असतात.’

ही चार माणसं कोण असतात, ताई?

कुणाला दाखल्याची दुय्यम प्रत हवी असते, कारण घर बदलताना मूळ दाखला हरवला. कुणाला पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा हवा असतो. आणि बरेचसे जात पडताळणीवाले. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा आहे, समितीपुढे वडिलांची, आजोबांची शाळेतली नोंद ठेवायची आहे. ओबीसी असतील तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची, विमुक्त-भटक्यांत असतील तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीची नोंद सापडली की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. म्हणून तर तुमच्यासारख्या जुन्या शाळेच्या खिडकीशी माणसं खेपा घालतात. म्हणजे तुमचे माजी विद्यार्थी, त्यांची मुलं, नातवंडं आपल्या पायांनी, रिक्षाचे पैसे खर्चून, कामावर खाडा करून शाळेत येतात. आणि खिडकीवरूनच परत जातात.

माझ्या वडिलांच्या शाळेच्या खिडकीशी मीही अशीच उभी राहिले आहे. भावाच्या मुलीची पडताळणी होती, तिच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, प्रवेश-निर्गम उतारा (शाळेत आल्या-गेल्याची नोंद) हवा होता. पहिल्या दिवशी ‘साहेब नाहीत’. दुसऱ्यांदा ‘गुरुवारी या’. गुरुवारी ‘साल सांगा, रजिस्टर नंबर सांगा’. साल मला ठाऊक नव्हतं आणि विचारायला वडील नव्हते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. चौथ्या खेपेला तिथल्या एका म्हाताऱ्या शिपाईमामांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ‘थांबा ताई’ म्हणत लोखंडी कपाटातून एक लांबोडकं रजिस्टर काढलं. पाठीला खाकी कापड, कोपरे कुरतडलेले, आत निळ्याकाळ्या शाईतलं बोरूसारखं वळणदार अक्षर. मामांचं बोट ओळीओळीवरून उतरत होतं, ते एके ठिकाणी थांबलं. वडिलांचं नाव. आजोबांचं नाव. जन्मगाव. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचं कारण: कामधंदा. वडील सातवीतून शाळा सोडून कामाला लागले होते हे मला माहीत होतं. पण शाळेने ते लिहून ठेवलं आहे आणि शेजारी ‘चांगली’ असंही लिहिलं आहे, हे माहीत नव्हतं. मामांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. म्हणाले, ‘वाचा निवांत.’

त्या शाळेने त्या क्षणी माझ्याकडे काहीही मागितलं असतं तरी मी दिलं असतं, ताई. पण माझं नाव नि फोन नंबरसुद्धा कुणी विचारला नाही.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेची आठवण ठेवावी असं आपण सगळे म्हणतो. शाळेने त्यांची आठवण कशी ठेवली आहे, तिथून तुमच्या संघाची सुरुवात व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आणि ती आठवण तुमच्याकडे जनरल रजिस्टरांत अगदी नंबरवार लिहिलेली आहे.

तेव्हा पहिलं काम खिडकीचं. एक दोनशे पानी वही, एक पेन, दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला बसवायचं आणि विचारायचं, ‘कोणत्या सालच्या तुम्ही? वर्गशिक्षक कोण होते?’ वहीत शाळेतलं नाव, आजचं नाव, शाळा सोडल्याचं साल, राहणं कुठे, काम काय, फोन, आणि ‘शाळेने अधूनमधून कळवलेलं चालेल का’ याला हो किंवा नाही. नाही म्हणाले तर नंबर लिहायचा नाही. १९७५ चं साल सांगणारा कुणी भेटला तर ‘जुनी अकरावी की नवी दहावी’ एवढं जरूर विचारा. त्या वर्षी दोन्ही बॅच एकदमच एसएससी झाल्या, आणि ती माणसं एकमेकांना अजून त्यावरून ओळखतात.

हे भाऊसाहेबांच्या डोक्यावर टाकू नका, ते आधीच कामाने वाकलेले आहेत. आठवड्यातले दोन दिवस, अकरा ते एक, शाळेजवळ राहणारा एखादा निवृत्त शिक्षक किंवा माजी विद्यार्थिनी तिथे बसू शकते. आणि संघातर्फे भाऊसाहेबांचं एक काम हलकं करून द्या: जुन्या रजिस्टरांची अनुक्रमणिका. आडनाव, नाव, रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक, एवढंच. माणसांना साल आठवत नाही म्हणून खेपा पडतात. अनुक्रमणिका असली की पाच मिनिटांत पान उघडतं. त्यासाठी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. रजिस्टर शाळेच्या बाहेर जाणार नाही, मोबाइलवर त्याचे फोटो निघणार नाहीत आणि मूळ नोंदीला कुणी पेनसुद्धा लावणार नाही, हे आधी ठरवून टाका. त्यात लोकांच्या जाती आहेत, जन्मतारखा आहेत. तीसजण ग्रुपवर उरलेत म्हणता ना, त्यातले सहाजण सुट्टीच्या दिवशी दोन-दोन तास बसले तरी वर्षभरात हे काम मार्गी लागेल. आणि बसलेली माणसं नावं वाचता वाचता काय काय बोलतील, त्याची मजा तुम्हीच अनुभवा.

आता त्या तीसजणांबद्दल. चारशेतले तीस उरले म्हणून तुम्ही कष्टी झाला आहात. मला तीस हा मोठा आकडा वाटतो. तुमच्या ओळखीतली कोणतीही संस्था आठवून बघा, ती नेमाने येणाऱ्या किती माणसांवर चालते? आपली सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिक, १८४० पासून उभी आहे. तिचे कार्यक्रम गाजतात, पण तिला इतकी वर्षं धरून ठेवलं ते पुस्तक बदलायला येणाऱ्या सभासदांनी. वर्षातून एकदा भेटणाऱ्याला दरवेळी ओळख सांगावी लागते. महिन्याकाठी काहीतरी छोटं काम घेऊन येणारा आपोआप घरचा होतो.

मला खरी काळजी वाटते ती चारशेतही नसलेल्यांची. दोन तुकड्या, तुकडीत पन्नास, अशी सत्तर वर्षं धरली तर सात हजारांचा हिशेब होतो. मेळाव्याला कोण आलं होतं? तुम्हीच लिहिता, बहुतेक गंगापूर रोड, कॉलेज रोड, पुणे, मुंबई, आणि सुट्टीला आलेले परदेशवाले. मग सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या करणारे कुठे होते? सिडकोत किराणा दुकान चालवणारा? नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेला? दहावीला गणितात गेलेला आणि ऑक्टोबरलाही न सुटलेला? आठवीत लग्न झालेली?

यातल्या बऱ्याच जणांना बोलावणं पोचलंच नसणार, कारण बोलावणं दहावीच्या बॅचच्या ग्रुपमधून गेलं. ज्यांनी नववीत शाळा सोडली ते कुठल्याच बॅचचे नाहीत. ज्यांना पोचलं त्यांच्यापैकी काहींना पाचशे रुपये वर्गणी आणि ‘सध्या काय करता’ हा रकाना जड गेला असेल. ‘यशस्वी माजी विद्यार्थ्यांचा सत्कार’ असं पत्रिकेवर छापलं की बाकीच्यांनी काय समजायचं, ताई? पुढच्या वेळी तेवढी एक ओळ गाळा. वर्गणीऐवजी ‘यथाशक्ती’ ठेवा आणि डबा कुठूनही सुटा पैसा पडेल असा ठेवा. कोणी किती टाकले ते कुणाला दिसायला नको.

तारखेचंही तसंच. डिसेंबरअखेर ही परदेशवाल्यांची सोय. निफाड-दिंडोरीकडच्या तुमच्या द्राक्षवाल्या विद्यार्थ्यांची त्या वेळी झोप उडालेली असते. ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेली, मण्यांत पाणी भरत आलेलं, थंडी उतरली की घड तडकायची भीती. जानेवारीपासून काढणी, ती एप्रिलपर्यंत. त्यांना बोलवायचं तर आषाढात, गुरुपौर्णिमेच्या आसपास बोलवा. शाळा नुकती सुरू झालेली असते, वर्गांत मुलं असतात. मुलं समोर असली की माजी विद्यार्थ्याला आपण कुठे आलो आहोत ते कळतं. रिकाम्या शाळेतला मेळावा कुठल्याही मंगल कार्यालयात झाला असता. फक्त २०२७ साली ऑगस्ट-सप्टेंबर टाळा, सिंहस्थाच्या स्नानांमुळे गावात पाऊल ठेवायला जागा नसेल.

आणि मुली. चारशेत बायका साठेक होत्या असं तुम्ही लिहिलंत, आणि ‘बायकांना घरातून निघता येत नाही’ असं कारण दिलंत. ते आहेच. पण त्याआधी त्या सापडत नाहीत. रजिस्टरात माहेरचं नाव, आधारकार्डावर सासरचं, काहींचं तर पहिलं नावही लग्नात बदललेलं. फेसबुकवर शोधणाऱ्याला त्या कशा मिळणार? तुम्ही स्वतः स्टाफरूममध्ये एका आडनावाने आणि वर्गमैत्रिणींत दुसऱ्या आडनावाने ओळखल्या जाता. मुलींचा माग वर्गमैत्रिणींतूनच लागतो, आणि माहेरच्या घरातून. भाऊ अजून त्याच गल्लीत असतो, तो बहिणीचा नंबर देतो. तोही तिला विचारून. भाऊबीजेनंतरच्या दोन दिवसांत किंवा मे महिन्यात दुपारी तीन ते पाच अशी बायकांची वेगळी बैठक शाळेतच ठेवून बघा. मुलांना घेऊन या म्हणावं. माहेरपणाला आलेलीला शाळेपर्यंत यायला कुणाची परवानगी लागत नाही.

एक गोष्ट जरा हळू आवाजात सांगते. मेळाव्यात तुम्ही म्हणालात, ‘तुमचीच मुलं या शाळेत नाहीत, मग शाळा जगणार कशी?’ तुम्ही ते तळमळीने बोललात, मला कळतं. पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षक अतिरिक्त ठरतो, बरोबरची माणसं दुसऱ्या शाळेत जाताना तुम्ही पाहिली आहेत. पण ऐकणाऱ्यांच्या बाजूनेही बघा. इंग्रजी माध्यमाचा निर्णय घरोघरी सहजासहजी झालेला नसतो. नवराबायकोत वाद झालेले असतात, काहींना मनातून अजूनही रुखरुख असते. ती रुखरुख चारशे लोकांसमोर बोलून दाखवली की माणूस मान खाली घालतो आणि पुन्हा फाटकातून आत येत नाही. मुलगा कुठे शिकतो, यावर त्याचं शाळेशी नातं अवलंबून नाही असं त्याला वाटू द्या. त्याची मुलं तुमच्या ग्रंथालयात सुट्टीत मराठी पुस्तकं वाचायला येऊ शकतील का, हे विचारून बघा. तो प्रश्न त्याला आवडेल.

मग माजी विद्यार्थ्यांकडे मागायचं काय? पहिलं वर्षभर वेळ मागा. तोही थोडा, तासभर.

शनिवारी सकाळच्या शाळेत नववीच्या वर्गाला एक तास द्या. अंबडला सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन चालवणारा तुमचा जुना विद्यार्थी येईल, त्याला भाषण करायला लावू नका. येताना वर्निअर कॅलिपर घेऊन यायला सांगा. मुलांनी आपापली पेन्सिल मोजायची, मग शेजाऱ्याची. ०.०२ मिलिमीटरचा फरक त्या पट्टीवर दिसतो आणि तेवढ्या फरकाने तयार झालेला पार्ट रिजेक्ट होतो, हे तो सांगेल तेव्हा पुस्तकातलं मापन मुलांच्या हातात आलेलं असेल. प्रेसमधून निवृत्त झालेला सांगेल की नोटा आणि पासपोर्ट छापतात तिथे आत जाता-येता काय काय तपासणी होते. लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव कसा पुकारतात ते व्यापाऱ्याकडे कामाला असलेला करून दाखवेल. सरकारी दवाखान्यातली परिचारिका येईल. तुमच्या वर्गातल्या किती मुलांचे आईवडील अशीच कामं करतात, ताई! आपल्या घरातलं काम शाळेत फळ्याजवळ उभं राहिलेलं त्यांना दिसू द्या. डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी यांनाही बोलवा, ते येतीलच. मात्र एक पथ्य कडक पाळा: पाहुणा कोणीही असो, वर्गात शिक्षक हजर हवा आणि मुलांचे नंबर कुणी घ्यायचे नाहीत.

निवृत्त शिक्षकांकडे संघाने लक्ष द्यायला हवं. मेळाव्यात त्यांना व्यासपीठावर तीन तास बसवून ठेवतात, शाल देतात आणि त्यांच्याशी कुणी बोलत नाही. त्यापेक्षा चार-चारजणांनी त्यांच्या घरी जावं. सरांना गाडीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणणारा एखादा विद्यार्थी मिळाला तर सरांच्या सूनबाई त्याला दुवा देतील. कितीदा असं होतं, सर गेल्याचं आपल्याला दशक्रियेच्या दिवशी कळतं आणि मग ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणांची रांग लागते.

ग्रुपचं थोडक्यात सांगते. बॅचचे ग्रुप ज्याचे त्याला राहू द्या, तिथे ते काय बोलतात त्यात शाळेने पडू नये. शाळेचा एकच ग्रुप ठेवा, त्यावर फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग करा आणि महिन्याला एकच निरोप टाका. निरोपात बातमी असावी: कबड्डीत मुली जिल्ह्यापर्यंत गेल्या, पिंपळाची फांदी पडली पण पार शाबूत आहे, या महिन्यात अनुक्रमणिका १९७१ पर्यंत आली. प्रत्येक सालचे दोन प्रतिनिधी धरा, त्यातली एक मुलगी असावी आणि निदान एकजण नाशकातच राहणारा असावा. यादी कागदावर आणि शाळेच्या कपाटात हवी. कुणा एकाच्या मोबाइलमध्ये ठेवलेली यादी त्या मोबाइलबरोबरच जाते.

आता पैशाचा आणि नोंदणीचा प्रश्न. तुम्ही तो पहिला विचारलात, मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतला.

नोंदणी होते, अवघड नाही. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० नुसार निदान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. अवघड असतं ते पुढचं. दरवर्षी हिशेबतपासणी, आणि कार्यकारिणीतलं एक नाव बदललं तरी ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला तो बदल कळवणारा चेंज रिपोर्ट. उत्साहाच्या भरात नोंदलेल्या संस्था इथेच अडकतात. दहा वर्षांनी कुणीतरी फाइल उघडतो तेव्हा कागदोपत्री अध्यक्ष हयात नसतात आणि बँक खातं गोठलेलं असतं. नेमाने करायचं काम हातात नसताना ही उस्तवारी कोण करणार? दोन वर्षांनी निवृत्त होणाऱ्या तुम्ही? माझं स्पष्ट मत असं की पहिली दोन वर्षं नोंदणी करू नका. संघ ही शाळेची समिती म्हणून राहू द्या, आणि संघाने स्वतःच्या हातात एक रुपयाही रोख घेऊ नये. ज्याला द्यायचं तो संस्थेच्या खात्यावर चेकने देईल, पावती घेईल. वस्तू दिली तर तिची नोंद शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) झाली की नाही हे देणाऱ्याला पान दाखवून सांगा. दिलेला प्रोजेक्टर कुणाच्या घरी गेला, अशी कुजबुज एकदा सुरू झाली की ती थांबवता येत नाही.

करसवलतीबद्दलही लोकांना नीट माहिती द्या. देणगीवरची, ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत संस्थेकडे तशी मान्यता असेल तरच मिळते, दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदारांना तर ती मिळतच नाही. ‘करात सूट मिळेल’ असं सांगून कुणाकडून पैसे घेऊ नका.

९२ च्या बॅचशी भांडू नका, ताई. पंधरा लाख देऊ म्हणणाऱ्यांच्या मनात शाळा आहे. वेगळा ट्रस्ट ते का मागतात, हे शांतपणे विचारा. बहुतेक वेळा उत्तर एवढंच असतं की पैसे कुठे जातील याची त्यांना खात्री नसते. मग ती खात्री द्या: कामाचं अंदाजपत्रक, टप्प्याटप्प्याने रक्कम, प्रत्येक टप्प्याला बिलांच्या प्रती, आणि देखरेखीला त्यांचे दोन प्रतिनिधी. हे संस्थेने लेखी दिलं तर वेगळ्या ट्रस्टची गरज आपोआप कमी होईल. परदेशातल्या मित्रांना मात्र एक प्रश्न आधीच विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिकाने तिकडच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याची देणगी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली येते, मग तो तुमच्याच बाकावर बसलेला का असेना. त्यासाठी संस्थेकडे केंद्र सरकारची वेगळी परवानगी हवी. ती नसताना पैसे घेतले तर संस्था अडचणीत येईल.

आणि सभागृहच का? हे मी अध्यक्षांना दुखवायला विचारत नाही. वेतनेतर अनुदानात (पगार सोडून बाकी खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी पैशांत) वीजबिल आणि झाडलोट भागवताना मुख्याध्यापकांची काय ओढाताण होते हे तुम्हाला माहीत आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाला रोज दोनदा पाणी टाकणाऱ्या बाईंचा पाच वर्षांचा पगार, ही देणगी कोणी कोनशिलेवर लिहीत नाही. पण आठवीच्या मुलींना विचारून बघा, त्या आधी काय मागतात. त्यांनी सांगितलेली यादी ९२ च्या बॅचपुढे ठेवा. त्या बॅचच्या मुलींना ती यादी समजावून सांगावी लागणार नाही.

अध्यक्षांशी बोलताना तीन गोष्टी मागा: कुलूप लागेल असं एक कपाट, तुमच्या वेळापत्रकात आठवड्याला एक मोकळी तासिका, आणि एक वर्ष देणगीचं नाव न काढण्याचं वचन. तिसरं जड जाईल. ते नाही म्हणाले तर खिडकी आणि वही यांना कुणाची मंजुरी लागत नाही, तेवढं चालू ठेवा आणि निधीच्या आवाहनावर तुमचं नाव घालू देऊ नका. संघाला तुमचा चेहरा आहे. लोक तुमच्याकडे बघून आत आले आहेत.

सोडून द्यावं का, असं विचारता. संघ एकटीने ओढणं मात्र आजच सोडा. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, म्हणजे हाताखाली माणसं तयार करायला चार सत्रं आहेत. एक तरुण शिक्षक, खिडकीत बसणारी एक माजी विद्यार्थिनी, आणि भाऊसाहेब. हो, भाऊसाहेबच. सगळे माजी विद्यार्थी शेवटी त्यांच्याच खिडकीशी येतात, आणि अनुक्रमणिका झाली की त्यांचा वैताग निम्म्यावर येईल. मेळाव्यात त्यांचा सत्कार झाला होता का हो?

सोमवारी येताना वही घेऊन या. पहिल्या पानावर तुमचं स्वतःचं नाव लिहा, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. रजिस्टर नंबर तुम्हाला पाठ नसणार. मधल्या सुट्टीत भाऊसाहेबांना कपाट उघडायला सांगा, तुमच्या सालचं रजिस्टर काढा आणि तुमची ओळ शोधा. वरच्या-खालच्या ओळींत कोणाची नावं आहेत आणि त्यातल्या कितीजणी आता कुठे आहेत हे तुम्हाला सांगता येतं, ते मला कळवा. मी वाट बघते.